केलेल्या कामावर तुमचं नाव येऊ द्या

मॅडम,

मी ठाण्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. वय ४७, राहते ऐरोलीला. नोकरीला २१ वर्षं झाली, दोन वर्षांपूर्वी सहयोगी प्राध्यापक झाले. आमचे प्राचार्य यंदा निवृत्त होत आहेत, जागेची जाहिरात आली आहे आणि मी पात्र आहे. पीएचडी आहे, १४ शोधनिबंध आहेत, रिसर्च स्कोअर (संशोधनाचे गुण) ११० च्या थोडा वर जातो. तरी फॉर्म उघडते आणि बंद करते.

मला पाच वर्षं ज्युनिअर असलेले एक सर अर्ज करताहेत. स्कोअरचा तक्ता भरायला त्यांनी माझी मदत मागितली, मी ती केली. भरताना दिसलं की त्यांचे आकडे माझ्यापेक्षा कमी आहेत. ते म्हणतात, ‘होऊन जाईल.’ मला मात्र वाटतं की आपण या जागेला कमी पडू. भाषण जमत नाही. माझी शाळा मुरबाडकडच्या गावातली, मराठी माध्यमाची. इंग्रजीत बोलायचं म्हटलं की शब्द अडतात. भांडणं मिटवायची, संस्थेच्या लोकांपुढे ठाम बोलायचं, हे मला कुठे येतं? मागच्या नॅक मूल्यांकनाच्या वेळी तिसऱ्या आणि सहाव्या निकषाचं सगळं लेखन मी केलं, पण ते मागे बसून. मुलगा बारावीला आहे, सासूबाईंचे गुडघे दुखतात. मिस्टर म्हणतात, ‘बघ, झेपत असेल तर.’

आमच्या एक जुन्या मॅडम म्हणायच्या, तू विद्यापीठापर्यंत जाशील, डीन होशील. आता ते आठवलं की हसू येतं. आत्मविश्वास कसा वाढवायचा ते सांगाल का? अर्जाला अजून बारा दिवस आहेत.

ता. क. महिला विकास कक्षाचं अध्यक्षपद यंदाही मलाच देताहेत. घेऊ ना?

एक वाचक, ऐरोली

*

ताई,

अर्ज करा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं उत्तर तुम्ही धाकधूक न ठेवता वाचाल. बारा दिवस पुरेसे आहेत. त्यातले पहिले दोन-तीन दिवस मात्र फॉर्मसाठी नाहीत, वेगळ्या कामासाठी आहेत. ते काम खाली सांगते.

तुम्ही आत्मविश्वासाबद्दल विचारलंत, पण पत्र वाचताना माझं मन अडकलं ते ‘पण ते मागे बसून’ या शब्दांपाशी. नॅकच्या सात निकषांपैकी दोन तुम्ही लिहून काढलेत. महाविद्यालयाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, नॅक म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी राष्ट्रीय संस्था, आणि तिच्यासाठीचं हे काम नुसतं लिखाण नसतं. पाच वर्षांची माहिती प्रत्येक विभागाकडून गोळा करायची. ‘उद्या देतो’ म्हणत महिना काढणाऱ्या विभागप्रमुखाच्या दारात पुन्हा जाऊन उभं राहायचं. ऑडिट झालेल्या पत्रकातला आकडा आणि आपल्या तक्त्यातला आकडा जुळला नाही, तर रात्री बसून फरक शोधायचा. बेंगळुरूच्या कार्यालयातून पडताळणीचे प्रश्न आले की मुदतीच्या आत कागदासकट उत्तरं द्यायची. आणि सहावा निकष कशाचा असतो? प्रशासन, नेतृत्व आणि व्यवस्थापन यांचा. आपल्या महाविद्यालयात निर्णय कुठे होतात, पैसा कुठून येतो आणि कुठे जातो, हे तुम्ही पुराव्यानिशी मांडलंत. ते करताना कुणाकुणाची मनधरणी केलीत, कुणाला खडसावलंत, कुणाचं राहिलेलं काम स्वतःवर घेतलंत, ते तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण त्याशिवाय तो अहवाल गेलाच नसता. माणसं सांभाळणं आणि ठाम राहणं तुम्हाला येतं. तुम्ही ते केलेलं आहे.

आता विचार करा, त्या कामाचा कागद तुमच्याकडे आहे का? कार्यालयीन आदेश निघाला होता का? त्यावर निकषप्रमुख म्हणून तुमचं नाव होतं, की दुसऱ्या कुणाचं नाव आणि खाली ‘व इतर सदस्य’? बहुतेक दुसरंच असणार, कारण ‘मागे बसून’चा अर्थ आपल्याकडे तोच होतो. आपल्या व्यवस्थेत ज्या कामाची ऑर्डर नाही ते काम झालंच नाही, असं धरतात. वाईट याचं वाटतं की हळूहळू आपणही तसंच धरायला लागतो. पुरुष सहकाऱ्याला ‘समन्वयक’ म्हणून आदेश मिळतो, तो त्याच्या सीव्हीत जातो, पुढच्या वर्षी त्याला त्याच कामासाठी दुसऱ्या महाविद्यालयातून बोलावणं येतं. तिथे तो बोलतो, बोलून बोलून त्याला बोलता यायला लागतं. ‘होऊन जाईल’ म्हणण्याचं बळ असं येतं. तुमच्या सरांना ते जन्मतः मिळालेलं नाही आणि तुमच्यात जन्मतः काही उणं नाही.

म्हणून पहिलं काम हे. तुमचे प्राचार्य अजून खुर्चीवर आहेत, तोवर त्यांच्याकडे जा आणि लेटरहेडवर प्रमाणपत्र मागा. अमुक साल ते अमुक साल, नॅकच्या तिसऱ्या आणि सहाव्या निकषाची माहिती संकलित करणं, लेखन आणि पडताळणीला उत्तरं देणं ही जबाबदारी यांनी पार पाडली, असं स्वच्छ त्यात हवं. मसुदा तुम्हीच करून न्या. ‘मॅडमनी मोलाचं सहकार्य केलं’ एवढ्यावर परत येऊ नका. सहकार्य आणि जबाबदारी यांत मुलाखतीच्या टेबलावर फार मोठं अंतर पडतं. त्याच फेरीत २१ वर्षांतल्या बाकीच्या कामांचेही आदेश शोधा: परीक्षेचं काम, प्रवेश समिती, प्रयोगशाळेची खरेदी, अभ्यासक्रमाच्या कार्यशाळा. कार्यालयातल्या हेडक्लार्कना विचारा, जुन्या फायली त्यांनाच माहीत असतात. आणि प्राचार्य निवृत्त होऊन गावी गेल्यावर ही सही मिळवणं किती अवघड जातं, ते मी बघितलेलं आहे.

कामांच्या वाटपाबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण घोडं तिथेच पेंड खातं. जून उजाडला की समित्यांची यादी लागते. स्वागत, सत्कार, सांस्कृतिक, शिस्त, हस्तलिखित, महिला कक्ष यांत बायकांची नावं. परीक्षा, खरेदी, बांधकाम, आयक्यूएसी (गुणवत्ता कक्ष) यांत बहुतेक पुरुषांची. कुणी मुद्दाम कट करून हे करत नाही. ‘मॅडम छान करतात’ म्हणून देतात आणि मॅडम नाही म्हणत नाहीत म्हणून ते चालू राहतं. अमेरिकेत लिंडा बॅबकॉक आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी याच गोष्टीवर प्रयोग केले आणि २०१७ साली ते प्रसिद्ध झाले. ज्या कामाने बढतीला काही उपयोग नाही, पण कुणीतरी करायलाच हवं, असं काम समोर ठेवलं तर स्त्री-पुरुषांच्या मिश्र गटात बायका जास्त पुढे येतात. आणि ज्यांना काम वाटायचं असतं ते, स्त्री असोत की पुरुष, बायकांनाच जास्त विचारतात. मला त्यातली महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. गट नुसत्या पुरुषांचा असला की तेच पुरुष ते काम निमूट घेतात. म्हणजे हा स्वभावाचा प्रश्न नाही. बाई खोलीत आहे तर ती करेल, अशी सगळ्यांची, बाईचीसुद्धा, धारणा असते.

देशपातळीवरच्या २०२१-२२ च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात शिक्षकांमध्ये बायका ४३.४ टक्के आहेत. वर्गात इतक्या बायका शिकवताहेत, पण वरच्या खुर्च्यांकडे पाहा. जवाहरलाल नेहरू विद्यापीठ १९६९ साली सुरू झालं, तिथे पहिल्या महिला कुलगुरू आल्या २०२२ मध्ये. शांतिश्री पंडित त्यांचं नाव, आणि त्या गेल्या आपल्या पुण्याच्या विद्यापीठातून. अलिगढला विद्यापीठाचा दर्जा १९२० चा, पहिल्या महिला कुलगुरू नईमा खातून २०२४ मध्ये. एवढा वेळ बायकांना स्वतःवर विश्वास नव्हता म्हणून लागला, असं मला कुणी सांगितलं तर मी ते मान्य करणार नाही.

तरीही आतली भीती खरी असते, हे मला ठाऊक आहे. तिला उडवून लावत नाही. अल्बर्ट बांदुरा या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये मांडलं होतं की ‘हे मला जमेल’ हा भरवसा माणसात कुठून येतो. सगळ्यात पक्का भरवसा येतो तो स्वतः एखादी गोष्ट पार पाडल्याच्या अनुभवातून. त्यानंतर, आपल्यासारख्या माणसाने ती पार पाडलेली पाहून. ‘तू करू शकतेस’ असं दुसऱ्याने सांगून येणारा भरवसा त्या मानाने कच्चा. म्हणून या पत्रातली माझी शाबासकी तुम्हाला फार दिवस पुरणार नाही. त्या प्रमाणपत्रांची फाईल पुरेल. मुलाखतीच्या आदल्या रात्री ती चाळा.

आपल्यासारखी माणसं पाहायची असतील तर लांब जायला नको. १९९५ ते २००० या काळात मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या डॉ. स्नेहलता देशमुख. लहान मुलांच्या शल्यचिकित्सक, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाच्या अधिष्ठाता. ज्या विद्यापीठाच्या छत्राखाली तुमचं महाविद्यालय आहे ते त्यांनी पाच वर्षं चालवलं, आणि विद्यार्थ्यांच्या कागदपत्रांवर आईचं नाव यावं हा निर्णय त्यांच्या काळातला. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरूपदी २०२१ मध्ये आल्या लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर, लष्करातल्या डॉक्टर. त्याही खूप आधी, १९४९ मध्ये, हंसा मेहता बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. मुलं-मुली दोघंही शिकतात अशा विद्यापीठाचं हे पद भूषवणाऱ्या देशातल्या पहिल्या बाई. यांतल्या कुणी आधी आत्मविश्वास कमावला आणि मग कामाला हात घातला, असं मला वाटत नाही. एकीचं निम्मं आयुष्य शस्त्रक्रियागृहात गेलं, दुसरीचं लष्करी रुग्णालयांत. कामाचा डोंगर आधी होता, पद नंतर आलं.

इंग्रजीचं फार मनावर घेऊ नका. प्राचार्याचा दिवस कार्यालयीन टिपणी, संस्थेची सभा, पालकांचं रडगाणं, पनवेलच्या सहसंचालक कार्यालयातले फोन यांत जातो आणि हे बहुतेक मराठीतच चालतं. विद्यापीठाचे कागद इंग्रजीत असतात, ते तुम्ही २१ वर्षं वाचताय आणि नॅकचा अहवाल तर लिहिलाच आहे. मुलाखतीत इंग्रजीत सुरुवात करा, अडलात तर ‘हे मराठीत सांगते’ म्हणून सरळ मराठीत सांगा. इंग्रजीत अडखळत सांगितलेल्या चांगल्या मुद्द्यापेक्षा मराठीत सरळ सांगितलेला पटकन पोहोचतो. आणि तुमच्या वर्गात कळवा, दिवा, मुंब्रा, भिवंडी, शहापूरहून लोकलच्या गर्दीत लोंबकळत येणारी मुलं आहेत. मुरबाडकडून एसटीने शिकायला आलेली बाई प्राचार्य झाली, तर त्यांच्या अडचणी तिला समजावून सांगाव्या लागणार नाहीत. हे मुलाखतीत बोलायला संकोच करू नका.

मुलाखतीची तयारी मात्र कसून करा. अशा समित्यांवर विषयतज्ज्ञ म्हणून मी बसले आहे, म्हणून आतलं सांगते. टेबलापलीकडे संस्थेचे अध्यक्ष, त्यांचे दोन सदस्य, कुलगुरूंचे प्रतिनिधी आणि बाहेरचे तज्ज्ञ असतात. उमेदवारांत बाई असेल आणि समितीत एकही बाई नसेल तर एक महिला शिक्षणतज्ज्ञ घ्यावी, अशी युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत तरतूद आहे. पहिली पाच मिनिटं तुमच्या सीव्हीवर जातात, नंतर खरे प्रश्न सुरू होतात. गेल्या पाच वर्षांत बीएस्सीचे प्रवेश किती होते, कमी झाले असतील तर का? मंजूर पदं किती, रिकामी किती, तासिका तत्त्वावर किती जण शिकवतात? आरक्षणाची बिंदुनामावली तपासून झाली आहे का? नव्या शैक्षणिक धोरणातल्या मेजर-मायनर (मुख्य-दुय्यम) विषयांसाठी खोल्या आणि शिक्षक पुरतात का? ऑडिटमध्ये कोणत्या हरकती राहिल्यात? इथे बाहेरून आलेला उमेदवार गोल गोल बोलतो. तुम्ही आकडा सांगू शकता, कारण यातलं निम्मं सहाव्या निकषात तुमच्याच हातून गेलंय. एका वहीच्या चार पानांवर हे आकडे लिहून काढा आणि प्रत्येक आकड्याखाली, मी पहिल्या वर्षात काय करीन, ते दोन ओळींत.

आणि तो प्रश्नही येईल: ‘मॅडम, प्राचार्यपद म्हणजे वेळ-काळ नसतो, घरचं कसं कराल?’ पुरुष उमेदवाराला तो विचारलेला मी ऐकला नाही. तो विचारूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि समितीत असताना मी ते बोलूनही दाखवलंय. पण तुमच्या मुलाखतीत बोलून दाखवणारं कुणी असेलच असं नाही. एका मुलाखतीत परीक्षा विभाग सांभाळलेल्या बाईंना तो विचारला गेला. त्यांनी आवाज चढवला नाही, घरच्यांची हकीकतही सांगितली नाही. म्हणाल्या, ‘सर, माझ्याकडे परीक्षा विभाग असताना एकही निकाल मुदतीनंतर लागला नाही. घर तेव्हाही होतंच.’ आणि पुढच्या प्रश्नाची वाट पाहत बसल्या. तुमचंही उत्तर कामातूनच द्या. मुलगा बारावीला आहे, सासूबाई आजारी आहेत, हे त्या खोलीत सांगायची काही गरज नाही.

घरात मात्र बोलायला हवं, आणि मोघम नको. ‘बघ, झेपत असेल तर’ म्हणणाऱ्या मिस्टरांचा विरोध नाही, पण त्यांनी सगळं तुमच्यावर सोडून दिलंय. त्यांच्यासमोर आठवडा मांडा. कलिन्याला विद्यापीठात किंवा पनवेलला जावं लागेल त्या दिवशी घरी यायला आठ वाजतील. संस्थेची सभा संध्याकाळी असते. निकालाच्या आणि प्रवेशाच्या दिवसांत रविवार जाईल. त्या दिवशी आईंना डॉक्टरकडे कोण नेईल, रात्रीचं जेवण कोण बघेल, बाई ठेवायची तर किती वाजता यायला सांगायची, हे ठरवूनच उठा. मुलाच्या बारावीची काळजी समजते, पण अर्ज, छाननी, मुलाखत, विद्यापीठाची मान्यता यांत महिने जातात. तुम्ही खुर्चीवर बसाल तोवर त्याची बोर्डाची परीक्षा कदाचित होऊनही गेलेली असेल. मुलगा मोठा आहे. त्यालाही विचारा. आईने अर्ज केलेला मुलांना बहुतेक वेळा आवडतो.

या पदाची किंमतही मोजावी लागते, ते लपवणार नाही. वर्गावर जाणं कमी होतं, प्रयोगशाळा सुटते. स्टाफरूममध्ये तुम्ही शिरलात की बोलणं थांबतं, डबा एकटीने खावा लागतो, रात्री फोन वाजतो. हे सगळं पाहून, मला शिकवणं आणि संशोधनच प्रिय आहे, असं तुम्ही ठरवलंत तर तो निर्णय तितकाच मानाचा. पण तसं तुमच्या पत्रात कुठेही लिहिलेलं नाही. तिथे नकोसेपणा दिसत नाही, फक्त भीती दिसते. म्हणून मी इतक्या जोरात सांगते आहे.

त्या जुन्या मॅडम डीनबद्दल म्हणायच्या त्यावर हसू नका. हिशेब करून पाहू. २०१८ च्या नियमांत प्राचार्याला पीएचडी, प्राध्यापक किंवा सहयोगी प्राध्यापकपद, एकूण १५ वर्षांचा अनुभव, किमान १० शोधनिबंध आणि ११० स्कोअर लागतो. सहयोगी प्राध्यापकावरून प्राध्यापक व्हायला तीन वर्षांची सेवा, तेच १० निबंध, त्यातले तीन मूल्यमापनाच्या काळातले, आणि तोच ११० स्कोअर. म्हणजे आता जुळवलेली फाईल पुढच्या वर्षी कॅसच्या, म्हणजे सेवेतल्या बढतीच्या, प्रस्तावालाही जवळजवळ तशीच चालते. निबंधांचे तीन पुरावे तेवढे गेल्या दोन-तीन वर्षांतले आहेत का, ते बघून ठेवा. ४८ व्या वर्षी तुम्ही प्राध्यापक व्हाल. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने विद्याशाखा चार केल्या आणि प्रत्येकीला प्रमुख म्हणून डीन हे पूर्णवेळ पद दिलं. कुलगुरूपदासाठी युजीसी विद्यापीठात प्राध्यापक म्हणून दहा वर्षं किंवा नामांकित संशोधन वा शैक्षणिक प्रशासकीय संस्थेत दहा वर्षं मागते, आणि सोबत शैक्षणिक नेतृत्व केल्याचा पुरावा. पुरावा हा शब्द नियमातच आहे, ताई. मुदत पाच वर्षांची किंवा वयाच्या पासष्टीपर्यंतची, जे आधी येईल ते. तुमच्या वयाला हे सगळं आवाक्यात आहे, पण उंबरठ्यावर घुटमळण्यात आणखी पाच वर्षं गेली तर राहणार नाही.

विद्यापीठाची वाट प्राचार्यपदातूनच जाते असंही नाही. अभ्यास मंडळ, विद्या परिषद, अधिसभा यांच्या निवडणुका आणि नेमणुका येतात तेव्हा आपल्या स्टाफरूममध्ये नावं कुणाची निघतात ते आठवा. पुढच्या वेळी तुमचं नाव तुम्ही स्वतः काढा. त्याआधी, अगदी घरच्या घरी, महाविद्यालय विकास समिती आहे. कायद्याप्रमाणे तिच्यावर शिक्षकांतून तीन जण निवडून जातात आणि त्यांतली किमान एक बाई असावी लागते. ती जागा बऱ्याचदा ‘कुणीतरी मॅडम घ्या’ म्हणून भरली जाते आणि त्या मॅडम सभेत चहा होईपर्यंत बसतात. महाविद्यालयाचं अंदाजपत्रक ज्या टेबलावर येतं ते हे टेबल. तिथे बसून दोन अंदाजपत्रकं बारकाईने वाचलेली बाई पैशाच्या प्रश्नाला पुन्हा कधी घाबरत नाही.

त्या ज्युनिअर सरांना तुम्ही मदत केलीत ते चांगलंच केलंत. आता त्यांना शिपायाकडून कळण्याआधी स्वतः सांगा, ‘सर, मीही अर्ज करतेय.’ एवढंच. सोबत स्पष्टीकरण नको, माफीचा सूर नको. यापुढे त्यांची फाईल त्यांनाच लावू द्या, तुमचे बारा दिवस तुमचे आहेत.

जागा मिळेलच असं मी सांगू शकत नाही. कधी कधी संस्थेच्या मनात नाव ठरलेलं असतं, हे सगळ्यांना माहीत आहे. तरीही अर्ज फुकट जात नाही. तुमचा स्कोअर बाहेरच्या माणसांकडून तपासला जातो, कुलगुरूंचे प्रतिनिधी तुम्हाला ऐकतात, आणि ठाणे, नवी मुंबई, कल्याण, पनवेल या पट्ट्यात महाविद्यालयं काही थोडी नाहीत. पुढची जाहिरात वाशीची किंवा डोंबिवलीची असेल. अर्ज मात्र योग्य मार्गाने, म्हणजे आपल्या कार्यालयामार्फत जाईल हे पाहा. त्यावर कुणी आठ दिवस बसून राहू नये म्हणून लवकर द्या आणि आगाऊ प्रत थेट पाठवा.

राहिला ताजा कलम. महिला विकास कक्षाचं काम कमी प्रतीचं नाही. पण ते वर्षानुवर्षं तुमच्याकडे आहे आणि बाकी काही तुमच्याकडे येत नाही. आठ मार्चचा कार्यक्रम, व्याख्यान, रांगोळी, आरोग्य शिबिर हे एखादी तरुण सहकारी, किंवा एखादे तरुण सर, उत्तम करतील. अंतर्गत तक्रार समितीचं अध्यक्षपद देत असतील तर मात्र गोष्ट वेगळी. ते कायद्याने आलेलं, चौकशी करून निष्कर्ष आणि शिफारशी देणारं पद आहे, महाविद्यालयात त्यासाठी किमान सहयोगी प्राध्यापक असलेली बाईच लागते; ते तीन वर्षांच्या लेखी आदेशासह जरूर घ्या. नुसता कक्ष असेल तर यंदा नाही म्हणा, आणि तोंडी म्हणू नका. प्राचार्यांना पत्र द्या: कक्षाची जबाबदारी इतकी वर्षं पार पाडली, यंदा ती अन्य सहकाऱ्याकडे द्यावी आणि माझा विचार परीक्षा किंवा खरेदी समितीच्या प्रमुखपदासाठी व्हावा. पत्रावर आवक क्रमांक पडल्याशिवाय कार्यालयातून हलू नका, आणि झेरॉक्स त्याच फाईलमध्ये लावा.